‘मन सुन्न झालं’च्या पुढे काय लिहायचं? आत्मकथनं आणि सामाजिक कादंबऱ्यांचं परीक्षण करू पाहणाऱ्यांसाठी

मराठीत एखादं आत्मकथन आलं आणि त्यात जात असेल, गरिबी असेल, बाईचं सोसणं असेल, तर त्याच्या परीक्षणात कोणते शब्द येणार हे पुस्तक न वाचताही सांगता येतं. दाहक वास्तव. प्रांजळ कथन. मातीतली अस्सल भाषा. शेवटी ‘वाचून मन सुन्न होतं’, नाहीतर ‘प्रत्येकाने संग्रही ठेवावं असं पुस्तक’. यातला एकही शब्द खोटा नसतो. अडचण एवढीच की हे सगळं दुसऱ्या कुठल्याही पुस्तकावर जसंच्या तसं उचलून ठेवता येतं. काय आधी सांगायचं, काय मागे ठेवायचं, कोणाच्या तोंडून सांगायचं, हे ठरवण्यात लिहिणाऱ्याची वर्षं गेलेली असतात आणि त्याबद्दल या शब्दांतून काहीच कळत नाही.

हालअपेष्टा सोसलेल्या माणसाने पुस्तक लिहिलं की आपण त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो. जबानी ऐकतो, हळहळतो, जबानी खरी असल्याचं प्रमाणपत्र देतो. तो लेखक आहे हे राहूनच जातं. त्याला लेखक म्हणून वागवायचं तर त्याने केलेल्या निवडींबद्दल बोललं पाहिजे आणि वेळ पडली तर दोषही दाखवले पाहिजेत. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका आग्रहातून आल्या आहेत. उदाहरणं मुद्दाम तालुक्याच्या वाचनालयातही सापडतील अशी घेतली आहेत, म्हणजे पडताळून बघता येतील.

पुस्तक निवडताना

परिचय लिहायचा की परीक्षण, हे आधी ठरवा. परिचय चार-पाचशे शब्दांत होतो: पुस्तक कशाबद्दल आहे, कोणी वाचावं, वाचायला कसं आहे. परीक्षणाला हजार-दीड हजार शब्द लागतात आणि त्यात तुमचं एक म्हणणं असावं लागतं. दोन्ही कामं चांगली आहेत. परिचय लिहून त्याला परीक्षण म्हणू नका, एवढंच.

‘ओळख आणि समाज’ म्हटलं की परीक्षक फक्त दलित, भटक्या-विमुक्त किंवा पारलिंगी लेखकांची पुस्तकं शोधतो, ही आणखी एक खोड. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या रम्य आठवणी ही काय बिनजातीची गोष्ट असते? त्या वाड्यात पाणी कोण भरतं, मागच्या दाराने कोण येतं, सोवळं कशाला शिवू देत नाही, हे सगळं त्या आठवणींत असतंच. परीक्षक त्याला ‘सांस्कृतिक वातावरण’ म्हणून मोकळा होतो. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) ही कादंबरी मराठा म्हणवणाऱ्या एका कुळाचा शेकडो वर्षांचा माग काढते. म्हणजे संख्येने मोठ्या, सत्तेतल्या जातीची ओळखही कादंबरीचा विषय होऊ शकते. असं पुस्तक हाती आलं तरी तेच प्रश्न विचारा.

पहिलं वाचन

पहिल्यांदा पेन्सिल न घेता वाचा. मलपृष्ठ, प्रस्तावना, मनोगत हे सगळं मागे ठेवा. आपल्याकडे मोठ्या नावाची प्रस्तावना जोडायची पद्धत आहे आणि बऱ्याच परीक्षणांचा निम्मा ऐवज तिथूनच येतो. आधी प्रस्तावना वाचली की पुढची दोनशे पानं तिच्याच डोळ्यांनी वाचली जातात.

श्रेयपान मात्र आधी बघा. पहिली आवृत्ती कधीची, हातात आहे ती कितवी, अनुवाद असेल तर मूळ भाषा कोणती, शब्दांकन कोणाचं. ‘मी हिजडा… मी लक्ष्मी’ हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन. शब्दांकन वैशाली रोडे यांचं आहे. अशा पुस्तकाच्या भाषेला दाद देताना ती दाद कोणाला पोचते, याचा विचार करावा लागतो. बोललेल्या गोष्टीतून काय उरलं असेल, काय गाळलं गेलं असेल, ते आपल्याला कळायला मार्ग नाही. पण दोन माणसांचं काम एकाच्या खात्यावर टाकू नये, एवढं तरी हातात आहे.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल. पान क्रमांकासह टिपणं काढा. मोबाइलवर फोटो काढून ठेवायची सवय असेल तर त्यासोबत एक ओळ लिहा की हे पान का टिपलं. नाहीतर लिहायला बसल्यावर गॅलरीत पंचवीस पानं असतात आणि एकाचंही कारण आठवत नाही.

कोण बोलतंय, कधी, कोणाला

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. आत्मकथनात ‘मी’ असतो म्हणून आपण तो गृहीत धरतो. खरं तर तो ‘मी’ घडवलेला असतो.

दया पवारांचं ‘बलुतं’ घ्या. १९७८ साली ग्रंथालीने काढलेलं हे पुस्तक बहुतेकांना नावाने माहीत असतं, त्यातल्या हलाखीसाठी माहीत असतं. पण सुरुवात बघा. शिकलेला, नोकरी करणारा, लिहिणारा दया पवार आणि दगडू मारुती पवार यांची गाठ पडते. दगडू सांगतो, दया ऐकतो. दोघं एकच माणूस आहेत. गाव, महारवाडा आणि मुंबईतली कावाखान्याची वस्ती ज्याने भोगली तो दगडू. आणि शहरात, पांढरपेशांत वावरताना त्याला दडवावं लागतं तो दया. जातीने माणसाची जी फाळणी केली ती लेखकाने वर्णन करून सांगितली नाही, पुस्तकाच्या रचनेतच घातली. ‘दाहक वास्तव’ असं लिहिणाऱ्या परीक्षकाच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये उलटं आहे. तिथे ‘मी’ जेमतेम आहे. सगळा जोर ‘आम्ही’वर. महारवाड्यातल्या सणांचं, उपासमारीचं, अंगात येण्याचं वर्णन या ‘आम्ही’तून येतं. सुनांना घरातच होणारा जाचही त्या लपवत नाहीत. वाचणाऱ्याला प्रश्न पडायला हवा की आत्मकथन आहे तर लेखिकेचा स्वतःचा संसार कुठे आहे? पुढे माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, त्या निमित्ताने घेतलेल्या मुलाखतीत बेबीताई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलल्या. लिहिलेली वह्या-कागदं नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवली होती, हेही सांगितलं. पुस्तकात यातलं काही नाही. स्वतःपुरतं दुःख बाजूला ठेवून समाजाचं सांगायचं, हा त्यांचा निर्णय होता. जे लिहिलेलं नाही त्याचीही नोंद परीक्षणात होऊ शकते, ती अशी. फक्त ते का लिहिलं नाही याच्या अटकळी स्वतःच्या मनाने बांधू नका. लेखिकेने कुठे सांगितलं असेल तर त्याचा आधार घ्या, नसेल तर ‘पुस्तक याबद्दल बोलत नाही’ इथेच थांबा.

कादंबरीतही हेच विचारायचं. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) पुण्यातल्या एका घरातली भाऊ-बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. आधी भाऊ बोलतो, निघून गेलेल्या त्या माणसाला उद्देशून; मग बहिणीची डायरी येते. घटना त्याच, पण भाऊ घरात कोणापाशी काही बोलू शकत नाही आणि बहिणीचं पळून जाणं घरभर चर्चेचा विषय होतं. दोन निवेदकांची ही मांडणी काढून टाकली तर कादंबरीत एक प्रेमप्रकरण उरतं. ‘समलैंगिकतेसारखा धाडसी विषय’ एवढंच लिहून थांबणाऱ्याने कादंबरी वाचली की तिची बातमी, अशी शंका येते.

तर टिपणवहीत तीन रकाने करा: बोलणारा कोण, बोलतानाचं त्याचं वय आणि जागा काय, आणि ऐकणारा कोण. तिसरा रकाना बहुतेक जण सोडतात. गावच्या शिव्यांचे, सणांचे, भांड्यांचे अर्थ पुस्तक थांबून थांबून समजावत असेल, तर ते गावाबाहेरच्या वाचकाशी बोलतंय. काहीच समजावत नसेल तर आपल्या माणसांशी बोलतंय आणि बाकीच्यांनी कान देऊन ऐकावं अशी त्याची अपेक्षा आहे. दोन्हींत चूक-बरोबर काही नाही. पण शंभर पानं आपल्या माणसांशी बोलून लेखक मध्येच शहरी वाचकाकडे तोंड फिरवून भाषण करू लागला तर ती जागा पकडता आली पाहिजे.

एक धागा धरा: नाव, आडनाव, अरे-तुरे

सगळं पुस्तक एकदम पकडायला गेलात तर हाती सारांश येईल. त्यापेक्षा एक लहानशी गोष्ट निवडा आणि ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुठे कुठे येते ते बघा. जेवण, कपडे, उंबरा, पाणवठा, शाळेतली बसायची जागा, काहीही चालेल. महाराष्ट्रातल्या पुस्तकांसाठी मला सर्वांत उपयोगी वाटतो तो नावाचा धागा.

आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न पत्ता लिहून घेण्यासाठी विचारला जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. आडनाव कळलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, भाड्याची खोली ‘कालच गेली हो’ कशी होते, यावर मराठीत कितीतरी पानं लिहिली गेली आहेत. बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (त्याच नावाचा संग्रह १९६३चा) या एका प्रश्नावरच उभी आहे. परगावी रेल्वेत नोकरी लागलेला तरुण खोली मिळवण्यासाठी जात सांगत नाही, आणि ती उघड झाल्यावर मार खातो. तुम्ही परीक्षण करत असलेल्या पुस्तकात पात्राचं आडनाव पहिल्यांदा कधी येतं? कोण विचारतं? उत्तर देताना पात्र थांबतं का? गावात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, ऑफिसात तिसरं, असं आहे का?

मग हाका बघा. ‘अहो-जाहो’ आणि ‘अरे-तुरे’ हा मराठी लेखकाच्या हातातला फार मोठा ऐवज आहे. सत्तर वर्षांच्या माणसाला दहा वर्षांचं पोर ‘ए धोंड्या’ म्हणतं, तेव्हा लेखकाला विषमतेवर परिच्छेद लिहावा लागत नाही. आजोबा पाटलापुढे ‘जोहार मायबाप’ म्हणून वाकतो, नातू त्याच पाटलाच्या नातवाला ‘जय भीम’ घालतो; त्या दोन पिढ्यांमधला इतिहास या अभिवादनांत मावतो. नोकरीत वर गेलेला नायक गावी आल्यावर त्याला ‘साहेब’ कोण म्हणतं, नुसतं नावाने कोण हाक मारतं, आणि हाक मारायचंच कोण टाळतं, ते टिपा. नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला काय म्हणते, सासू सुनेला नावाने कधी हाक मारते, हेही. बाईच्या आत्मकथनात लग्नानंतर बदललेलं नाव कुठे मुकाट स्वीकारलंय आणि कुठे बोचलंय, हा एकच धागा अख्ख्या परीक्षणाला पुरतो.

अशा टिपणांतून आपोआप एक म्हणणं तयार होतं. उदाहरणार्थ: पूर्वार्धात पात्रं एकमेकांना हाका मारतात, उत्तरार्धात फक्त पदांनी ओळखली जातात (मुख्याध्यापक, साहेब, अध्यक्ष), आणि तिथेच पुस्तकातलं चैतन्य कमी होतं. हे तुमचं स्वतःचं निरीक्षण असेल आणि पान क्रमांकांसह सिद्ध करता येईल.

तारखा माहीत करून घ्या

लेखक प्रत्येक संदर्भ उलगडून सांगत नाही, सांगूही नये. परीक्षकाने तो शोधावा. पात्राचा जन्म साधारण कधीचा ते ठरवा आणि त्याच्या आयुष्याशेजारी समाजातल्या घडामोडी लिहून काढा. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्याआधीचं आणि नंतरचं महारवाड्यातलं देवघर वेगळं असणार. महार वतनं (गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या वंशपरंपरागत जमिनी आणि हक्क) १९५८च्या कायद्याने गेली. दलित पँथर ही संघटना १९७२ची. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव जुलै १९७८मधला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्तार (जुन्या नावाला आंबेडकरांचं नाव जोडणं) झाला १४ जानेवारी १९९४ला. म्हणजे औरंगाबादेत त्या काळात शिकलेल्या पात्राची अख्खी तरुणाई यात गेली. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. पारलिंगी व्यक्तींना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये मान्य केला. प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७मधून वगळलं ते ६ सप्टेंबर २०१८ला. २००६ची कादंबरी वाचताना ही शेवटची तारीख डोक्यात नसेल तर पात्रांच्या गप्प राहण्याचा अर्थच लागणार नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरीवर जगणाऱ्या जमातीची कहाणी, असा त्याचा परिचय अजूनही लिहिला जातो. पण इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, पुढे अशा अनेक जमाती त्याखाली आल्या, आणि तो शिक्का १९५२मध्ये कागदावरून पुसला गेला. हे ठाऊक असलेला परीक्षक पुस्तकातल्या पोलिसांच्या धाडीकडे वेगळ्या नजरेने बघेल. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं कायद्याने गुन्हेगार असलेली माणसं आणि त्यांची कायद्याने मुक्त झालेली, तरी पोलिसांच्या लेखी तीच राहिलेली मुलं, अशी ती गोष्ट आहे.

संदर्भ शोधा, पण सगळा परीक्षणात ओतू नका. वाचकाला लागेल तेवढं एखाद-दुसरं वाक्य पुरे.

भाषा: ‘अस्सल’ म्हणू नका, दाखवा

बोलीतल्या पुस्तकाला ‘अस्सल ग्रामीण भाषा’ म्हणणं हे पुण्या-मुंबईहून केलेलं कौतुक असतं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, माणदेशी यांतली कोणती बोली आहे, ती तरी सांगा. मग बघा: संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे का? तसं असेल तर ती सीमा कुठे ओलांडली जाते? राग आला की निवेदक बोलीत घसरतो का? आई गेल्याचा प्रसंग तो कोणत्या भाषेत सांगतो? शिकलेल्या निवेदकाचं प्रमाण मराठी हीही त्याची कमाई असते, आणि कधी कधी तो मुखवटाही असतो. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या शीर्षकातच तो निर्णय झालेला दिसतो. त्या शिक्षिका होत्या. प्रमाण मराठी त्यांना येत होतीच.

एखादा शब्द अडला तर गावच्या कोणाला तरी विचारा. अंदाजाने अर्थ लावून त्यावर सिद्धांत रचू नका.

खरं किती?

चाळीस वर्षांपूर्वीचा संवाद अवतरणचिन्हांत आला की तो जसाच्या तसा झाला असेल असं लेखकही म्हणत नाही. त्याची पोलीस चौकशी करणं हे आपलं काम नाही. सार्वजनिक घटनांची वर्षं, कायदे, निवडणुका यांत चूक असेल तर ती नोंदवावी. घरातल्या गोष्टींत पुस्तकाच्याच दोन पानांत विसंगती असेल तर दाखवावी. कादंबरीच्या बाबतीत मात्र ‘यातला नायक म्हणजे लेखकच’ हे वाक्य लिहूच नका. मराठीत ही फार आवडती करमणूक आहे आणि तिने कादंबरीबद्दल शून्य कळतं.

दुःखावर टीका कशी करायची?

नवे परीक्षक इथेच अडतात. ‘एवढं सोसलंय, आपण कोण बोलणार?’ बोलायचं आयुष्यावर नाही, पुस्तकावर. पुस्तकाचे दोष दाखवणं हा अपमान नसतो. दोष असून गप्प राहणं म्हणजे ‘तुमच्याकडून एवढीच अपेक्षा होती’ असं सांगणं झालं, आणि ते जास्त अपमानकारक आहे.

मराठी आत्मकथनांतला सर्वांत ठळक दोष सांगतो. पहिली शंभर-सव्वाशे पानं बालपणाची, त्यातला प्रत्येक प्रसंग जिवंत. मग नोकरी लागते आणि पुस्तकाचा बायोडाटा होतो: बदल्या, बढत्या, संस्थेची स्थापना, परदेशवारी, सत्कार, मान्यवरांची नावं. हे लिहायला धीर लागतो, पण लिहा, आणि नेमक्या कोणत्या प्रकरणापासून पकड सुटते तेही लिहा.

दुसरी तपासणी बायकांची. पुरुषांच्या आत्मकथनात आई सोसणारी, बायको समजूतदार, बहीण लग्न होऊन गेलेली, एवढ्यावर भागतं का? दलित पुरुषांच्या आत्मकथनांतल्या या रिकाम्या जागेवर स्त्रीवादी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे, शर्मिला रेगे यांचं काम त्यात महत्त्वाचं. शिवाय उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) शेजारी ठेवून बघा. घरात, लग्नात आणि चळवळीतही बाईला काय वाट्याला येतं ते तिथे आतल्या माणसाने सांगितलं आहे.

लेखकाने स्वतः हातात दिलेली प्रतिमा तशीच पुढे ढकलू नका, हीसुद्धा एक पायरी धरा. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणायची आणि आईचं विणणं व आपलं लिहिणं यांचं नातं पवारांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्यामुळे या पुस्तकावरचं दर दुसरं परीक्षण ‘वेदनेची वीण’ या शब्दांवर येऊन थांबतं. लेखिकेने केलेलं काम आपण परत करण्यात काय हशील?

मसुदा

आधीचं वाक्य आणि दुरुस्त केलेला मजकूर शेजारी ठेवून दाखवतो. नेहमीच्या पद्धतीचं वाक्य असं असेल:

‘उर्मिला पवार यांनी कोकणातल्या दलित स्त्रीचं दाहक जीवन अत्यंत प्रांजळपणे मांडलं असून वाचक अंतर्मुख होतो.’

आता हे बघा:

‘आयदान लेखिकेच्या जन्मापासून सुरू होत नाही. डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायकांपासून सुरू होतं. या बायका चालता चालता बोलतात, हसतात, एकमेकींची उणीदुणी काढतात. लेखिका त्यांच्यामागून पुस्तकात येते. पुढेही तिची गोष्ट एका दमात सांगितली जात नाही. मध्येच कोणाची तरी आत्या, कोणाची सून, कोणी शेजारीण वाट अडवते.’

दुसऱ्या मजकुरात एकही विशेषण कौतुकाचं नाही, पण पुस्तक कसं आहे ते कळतं, आणि वाचणाऱ्याला ते आपल्याला आवडेल की नाही हेही ठरवता येतं. पुढचा परिच्छेद या निरीक्षणावरून तुमच्या मतापर्यंत जाऊ शकतो: ही आडवळणं कुठे फळतात, कुठे कंटाळा आणतात.

बांधणीचा नियम नाही. कथानक मात्र एक-दोन परिच्छेदांच्या वर जाऊ देऊ नका. अवतरणं लहान, दोन-तीनच, आणि प्रत्येकाबद्दल तुम्हाला काहीतरी म्हणायचं असेल तरच. परीक्षणासाठी मजकूर उद्धृत करायला आपला १९५७चा प्रताधिकार कायदा मुभा देतो, पण अख्खं प्रकरण टंकून टाकणं म्हणजे परीक्षण नव्हे.

तुम्ही कुठून वाचताय

पुस्तकातल्या समाजाबाहेरचे असाल तर एखाद्या वाक्यात सांगा आणि पुढे चला. ‘आम्ही सुखवस्तू घरात वाढलो, आम्हाला हे कधी दिसलंच नाही’ असे चार परिच्छेद लिहिणारे परीक्षक मला पुस्तकापेक्षा स्वतःकडेच बघताना दिसतात. प्रायश्चित्त घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, दुसऱ्याच्या पुस्तकावर कशाला?

त्याच समाजातले असाल तर दडपण वेगळं. ‘आपल्याच माणसाला खाली खेचतो’ हे ऐकावं लागेल. नाहीतर उलट, ‘घरातली धुणी बाहेर कशाला’ म्हणून लेखकावरच नाराज असलेली मंडळी तुम्हाला त्यांच्या बाजूने ओढतील. दोघांना उत्तर एकच: पान क्रमांक.

लेखक ओळखीचा असेल, प्रकाशकाने प्रत भेट दिली असेल, प्रकाशन समारंभात तुम्ही व्यासपीठावर होतात, तर तसं नमूद करा. मराठी साहित्याचं जग लहान आहे. लपत काही नाही.

आणि पुस्तकातल्या जिवंत माणसांची काळजी घ्या. लेखकाने टोपणनाव दिलेल्या पात्राचं खरं नाव तुम्हाला माहीत असलं तरी ते तुमच्यापाशीच राहू द्या. लेखकाची जात किंवा लैंगिक ओळख त्याने स्वतः सांगितली नसेल तर ती परीक्षणात ‘उघड’ करायचा अधिकार तुम्हाला नाही.

पाठवण्याआधी

मसुदा दोन दिवस ठेवून मोठ्याने वाचा. प्रत्येक विशेषणापाशी थांबून विचारा की हे दुसऱ्या पुस्तकाला चाललं असतं का? चाललं असतं तर काढा. लेखकांची, पात्रांची, गावांची नावं पुस्तकाशी ताडून बघा. आडनावातली चूक वाचक माफ करत नाहीत. ‘ललित’, ‘साधना’सारखी नियतकालिकं किंवा वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, यांपैकी जिथे पाठवणार तिथले दोन-तीन अंक आधी वाचा. शब्दमर्यादा आणि बाज त्यातूनच कळतो, आणि तुमच्या हातातल्या पुस्तकावर तिथे आधीच कोणी लिहून गेलं नाही ना, तेही. परीक्षणाखाली पुस्तकाचं नाव, लेखक, असल्यास अनुवादक किंवा शब्दांकनकार, प्रकाशन, आवृत्तीचं वर्ष, पृष्ठसंख्या आणि किंमत द्या. वाचनालयाची जुनी प्रत वापरली असेल तर पान क्रमांक त्या आवृत्तीचे आहेत हेही तिथेच लिहा.